जवळ म्हणजे किती

संगणकाला ‘जवळ’ शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम. ‘देवळाजवळ’, ‘स्टेशनजवळ’ अशी वाक्यं लोकांकडून गोळा करायची, प्रत्येकापुढे खरं अंतर लिहायचं आणि त्यावरून यंत्राला काय ते ताडू द्यायचं. गंमत अशी की हे ‘जवळ’ वस्तूगणिक बदलतं. औषधाचं दुकान पाचशे मीटरवर असलं तरी लोक कुरकुरतात. विमानतळ दहा किलोमीटरवर असला तरी खुशाल जवळ. याचं मला अजून नवल वाटतं. बंगळुरात मी ऑटोवाल्यांनाही विचारून भंडावून सोडते.

मराठी वाक्यं कमी पडली म्हणून ती भरायचा तक्ता बाबांना पाठवला. सरकारी कारखान्यात उभा जन्म मोजमापात घालवलेला माणूस. आई गेल्यापासून बंगळुरातच, के. आर. पुरमच्या घरात एकटेच असतात. गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले, तेव्हा दादाने त्यांना पुण्याला न्यायचा हट्ट धरला. बाबांना घर सोडायचं नव्हतं. मीच दादाला म्हटलं, मी आहे की जवळ. त्या भरवशावर ते तिथे राहिले.

तीन दिवसांत तक्ता भरून आला. बँक, दूधकेंद्र, सगळं पावलं मोजून लिहिलेलं. खाली दोन ओळी होत्या. ‘शेजारच्या अक्कांचा मुलगा होसकोट्याला राहतो: जवळ.’ ‘माझी मुलगी एचएसआर लेआउटला राहते: लांब.’

नकाशावर दोन्ही अंतरं साधारण सारखीच निघाली. मी सवयीने दुसऱ्या ओळीवर चूक असल्याची खूण केली आणि दुरुस्तीसाठी बाबांना फोन लावला.

“बाबा, या दोन ओळी जुळत नाहीत. अंतर सारखंच आहे.”

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “पण तूच सांगितलंस ना, मनात येईल तसं लिहा म्हणून?”

“मग तो जवळ कसा?”

“अगं, तो दर शनिवारी येतो. मी पडलो तेव्हा अक्कांनी फोनही त्यालाच केला.”

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मला फार लाज वाटली.

“खोडू का ती ओळ? तुझं काम अडायला नको.”

“नको, राहू द्या,” मी म्हटलं आणि खूण काढून टाकली.

“बरं. पण तो तक्ता दादाला दाखवू नकोस,” बाबा म्हणाले. “तू जवळ आहेस म्हणूनच तो मला इथे राहू देतोय.”