मामांसाठी बसवलेली चिप

काचबिंदूने सासऱ्यांचा डावा डोळा गेला, तेव्हा उजव्या डोळ्याबद्दल आमच्या घरात एक करार झाला. उजव्याने दिसतंय तोवर ते केम या त्यांच्या गावी, आपल्या घरी एकटे राहतील. ज्या दिवशी दिसेनासं होईल, त्या दिवशी सोलापूरला आमच्याकडे कायमचे येतील. अट त्यांनीच घातली आणि पाळायचीही त्यांनीच होती. ते मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. केमचं घर स्टेशनपासून चारशे पावलांवर आहे. ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या ऐकणं हा त्यांचा दिवस. ते घर सुटलं तर माणूस किती दिवस काढेल, असं माझी बायको म्हणायची आणि पुढचं वाक्य टाळायची.

मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पावणं म्हणतात, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी.

आमची मुलगी नोकरीसाठी जपानला गेली. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला एक खेळाची तबकडी मिळाली. टीव्हीवर इंजिनाच्या काचेतून दिसतात तसे रूळ, पुढे स्टेशनं, सिग्नल, आणि आपण गाडी चालवायची. "बाबा, आजोबांना डोळे आहेत तोवर एकदा चालवू दे," असं सांगून तिने ती पाठवली. ती शाळेत असताना घेतलेला, टीव्हीला जोडून खेळायचा जुना डबा कपाटावर होता, चालूही होता. तबकडी घातली तर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. तबकडी जपानची, डबा दुसऱ्या देशांसाठी बनवलेला. एकमेकांना ओळख देईनात.

"त्याला चिप लागते," मुलगी फोनवर म्हणाली. "आत बसवली की कुठल्याही देशाची तबकडी चालते."

मी चौकशी केली. हीच चिप लोक चोरीच्या, नक्कल केलेल्या तबकड्या चालवायला बसवतात असं कळलं, तेव्हा मी दोन दिवस तो विषय बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी स्वतःला समजावलं, की आपली तबकडी अस्सल आहे, दुकानाची पावती पाकिटात आहे, डबा आपला आहे. मग सात रस्त्याला गेलो. तिथे सुट्या भागांचं एक दुकान आहे. मालक सत्तरीचे, दख्खनी बोलणारे. त्यांनी एका डबीतून नखाएवढी आठ पायांची चिप काढली, पातळ तारेची गुंडाळी आणि एक घडी पडलेला आराखडा दिला.

"तुम्हीच बसवून द्या ना चाचा," मी म्हणालो.

"पंद्रा साल पैले दिन को चार-चार बिठाता था. अब हात थरथरते," ते म्हणाले. "तुम क्या काम करते?"

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस आहे. एक इंचाचं चौकोनी भिंग कापडावर ठेवायचं आणि त्या इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजायचं. पंचवीस वर्षं हेच काम.

"फिर तो तुमारा हात चलता. पाँच तारां, बस."

त्या शनिवारी अर्धी सुट्टी घेतली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. डब्याचे पाच स्क्रू काढून आकाराप्रमाणे वाटीत ठेवले. बायको म्हणाली, "ऑपरेशन कुणाचंय? नातेवाईकांना बोलवू का?" आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर काळ्या चौकोनी भागांना दोन्ही बाजूंनी चकचकीत पाय होते, दोन पायांमध्ये मिलिमीटरसुद्धा अंतर नाही. आराखड्यात लिहिलं होतं, या भागाचा पाचवा पाय, सहावा पाय. मी भिंग ठेवलं, सुईच्या टोकाने पाय मोजले, परत मोजले, तिसऱ्यांदा मोजले. तिन्ही वेळा एकच जागा आली. कथलाचा डाग दिला. पाचही तारा लावून झाल्यावर भिंगातून पाहिलं, एकही डाग शेजारच्या पायाला चिकटला नव्हता. पावणेतीन तास लागले. मी स्वतःवर खूश होतो.

बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, मोजून एक सेकंद राहिला आणि गेला. जळक्या राळेसारखा वास आला. मग काहीच नाही. दहा वेळा बटण दाबून पाहिलं, काहीच नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोने येऊन पंखा लावला. त्यावरूनच मला कळलं की माझं तोंड कसं झालं असेल. मामांना पुढच्या रविवारी बोलावलेलं होतं. खेळाबद्दल सांगून झालं होतं. फोनवर ते म्हणाले होते, "इलेक्ट्रिकची हाय की डिझेलची?" आणि मी "इलेक्ट्रिकची" म्हटल्यावर "चालंल की," असं म्हणाले होते.

चूक सोमवारी सापडली, आणि सापडली तेव्हा मी भर कामात गार पडलो. आमच्याकडे दुसऱ्या कारखान्यातून एक बाई नव्याने बदलून आल्या होत्या. त्या टॉवेलच्या कडेला भिंग लावून मोजायला लागल्या, आणि मी सवयीने म्हणालो, "बाई, काठ सोडून मोजायचं." कापडाच्या काठाचे धागे दाट असतात, ते मोजणीत धरत नाहीत. ही पहिल्या दिवशीची शिकवण. वाक्य तोंडातून निघालं आणि माझा हात भिंगावरच राहिला. हिरव्या पट्टीवरच्या त्या भागाचा कडेचा पाय इतरांपेक्षा थोडा रुंद होता. मी तो काठ म्हणून सोडला होता. तीनदा मोजलं आणि तीनदा सोडला होता. पाचव्याची तार सहाव्याला, सहाव्याची सातव्याला.

पंचवीस वर्षांत माझ्या मोजणीला कुणी आव्हान दिलेलं नाही. मला त्या वेळी यंत्र बिघडल्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. तीनदा तपासून तीनदा तेच उत्तर आलं म्हणजे ते बरोबर असतं, यावर माझा सगळा कारभार उभा होता.

संध्याकाळी डबा घेऊन सात रस्त्याला गेलो. चाचांनी तारांकडे बघितलं. "डाग तो एक नंबर हैं," ते म्हणाले, "मगर पते पे नै." सुदैवाने फक्त एक बारीक फ्यूज जळला होता. तो त्यांनी बदलला, मी त्यांच्यासमोर दोन तारा सोडवून एकेक पाय अलीकडे घेतल्या. या वेळी पाय मी मोठ्याने मोजले आणि चाचांनी बोट ठेवून मोजले. बटण दाबलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर जपानी अक्षरं आली, मग रूळ आले.

रविवारी मामा सकाळच्या गाडीने आले. नेहमीप्रमाणे गावातला कुणीतरी ओळखीचा सोबत होता, तो त्यांना दारापर्यंत सोडून गेला. जेवण झालं. टीव्हीसमोर खुर्ची ठेवली. मी त्यांच्या हातात खेळाचा हातोबा, म्हणजे डब्याला जोडलेला बटणांचा ठोकळा, दिला आणि बोट धरून दोन बटणं दाखवली, हे वेग वाढवायचं, हे ब्रेकचं. त्यांनी अंगठ्यांनी ती चार-पाच वेळा चाचपली. "लई हलकं हाय," म्हणाले.

गाडी सुटली. आवाज खरोखरीचा होता, मोटरीची चढत जाणारी घरघर आणि रुळांच्या सांध्यांवरचा खडखड ठोका. मामा पाठ ताठ करून बसले. मी शेजारी बसून बडबडत होतो, मला राहवतच नव्हतं. "हिरवा आहे मामा... पूल आला... आता पिवळा दिसतोय... बघा, स्टेशन आलं, फलाट आला." त्यांनी ब्रेक धरला, सोडला, परत धरला. गाडी थांबली आणि पडद्यावर आकडा आला. खुणेपासून चार मीटर पुढे. पहिल्याच खेपेला चार मीटर. मी थक्क झालो. आमची मुलगी तिकडे जपानमध्ये खेळून पाहताना पहिल्या दिवशी सत्तर मीटर पुढे गेली होती, असं तिने सांगितलं होतं.

"चार मीटर? मागनं डब्यांचा धक्का पाठीला कळला असता तर एवढी बी गेली नसती," मामा म्हणाले.

पुन्हा सुटलो. त्यांचे ओठ हलत होते. मला माहीत होतं ते काय करताहेत. पूर्वी रूळ तेरा मीटरचे असत; सत्तेचाळीस सेकंदांत जितके ठोके पडतील तितके किलोमीटर गाडीचा ताशी वेग. त्यांनी मला हे लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत शिकवलं होतं आणि मी कागदावर गणित करून खात्री केली होती. मला मौज वाटली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पावणं, हे रूळ लांब हायत."

"म्हणजे?"

"ठोकं पस्तीसच पडत्यात. पन मोटर लई वरच्या सुरात वरडतीया. पस्तीसला अशी वरडत न्हाई. म्हंजे रूळ लांब हायत."

मी खिशातून फोन काढला. जपानी रुळाची लांबी शोधली. पंचवीस मीटर. मग हिशोब मांडला, पस्तीस गुणिले पंचवीस भागिले तेरा, सदुसष्ट. मान वर करून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, वेगाचा आकडा तिथे ठळक लिहिलेला होता. अडुसष्ट. एका किलोमीटरचा फरक.

आणि त्याच क्षणी मनात आलं, की आकडा तिथे लिहिलेला असताना हे मोजताहेत कशाला.

मी फोनमध्ये होतो तेवढा वेळ, वीसेक सेकंद, काही बोललो नव्हतो. त्या वीस सेकंदांत समोर लाल सिग्नल आला. पडद्याच्या बरोबर मध्ये, वाढत वाढत आला. मामांचा अंगठा ब्रेकवर नव्हता. सिग्नल बाजूने निघून गेला. घंटा वाजली, गाडी आपोआप आदळत थांबली आणि जपानी अक्षरांची एक पट्टी आली.

"का थांबली?" मामांनी विचारलं.

"लाल होता, मामा."

"कुटं?"

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते पडद्याकडे तोंड करून बसले होते, पण थोडं डावीकडे. गेला तासभर ते थोडं डावीकडेच बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं," ते म्हणाले. "उजेड-अंधार कळतो. मानूस आला-गेला कळतो."

म्हणजे सात महिने. या सात महिन्यांत दोनदा डोळे तपासायची तारीख आली होती आणि दोन्ही वेळा "करमाळ्यात दाखवलं, झकास हाय" असं त्यांनी सांगितलं होतं. आम्ही मानलं होतं. आज दारापासून खुर्चीपर्यंत ते एकटे चालत आले होते, माझ्या डोळ्यांसमोर. तरी मला दिसलं नव्हतं.

मी घाईने म्हणालो, "मामा, हा नुसता खेळ आहे. परत पहिल्यापासून लावतो."

"खेळ असंल. लाल तर लालच की." त्यांनी हातोबा मांडीवर ठेवला. "लाल वलांडला की ड्रायवरनं खाली उतरायचं. चौकशी मागनं. मी हुतो तवर असंच हुतं."

बायको चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. शेवटचं तिने ऐकलं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला. "आप्पा," ती म्हणाली, "मी आज काय घातलंय, सांगा."

"रईवारी तू ड्रेस घालतीस की. निळा."

तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती. वडील येणार म्हणून. तिने पदर हातात घट्ट धरला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही आकडा सांगेन आणि हे खोटं ठरेल.

"चुकलो व्हय?" मामा म्हणाले. "बरं. रडू नगंस. उंद्या सकाळच्या गाडीनं केमला जाऊ तिघं. सामान एका ट्रंकंचं हाय. किल्ली शेजारी द्यायची."

"आप्पा, अजून थोडे दिवस..."

"न्हाई. बोललो हुतो तसं."

मी चिप बसवली नसती तर ते अजून किती महिने ओट्यावर बसून राहिले असते, हे मी तेव्हा मोजत होतो. खेळ बंद करायला मी टीव्हीचा रिमोट घेतला.

"बंद करू नगा," मामा म्हणाले. त्यांना रिमोट उचलल्याचा आवाज आला असावा. "गाडी मधी सोडून जात न्हाईत. मागनं दुसरी येत असंल. पुढच्या ठेसनापतोर तुमी न्या."

"मला येत नाही, मामा."

"ब्रेक मी सांगतो. तुमी सिग्नल बघा, आन् मोठ्यानं म्हना."

मी हातोबा त्यांच्या मांडीवरून उचलला. बायको त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. बटण दाबलं, मोटर घरघरली, रूळ सरकू लागले. दूरवर एक ठिपका दिसला आणि मी तो नीट कळेपर्यंत थांबलो.

"हिरवा," मी म्हणालो.

"हिरवा," मामांनी परत म्हटलं.