कोरी मलमल

नव्या बाळाला बघायला जाताना महागाची मलमल न्यावी का, असं आमच्या आळीतल्या पोरी मला अजून विचारतात. मी सरळ सांगते, नेऊ नका. न्यायचीच असेल तर आधी चारदा धुवा, उन्हात वाळवा, महिनाभर स्वतः वापरा आणि मग न्या. पोरी तोंडाला पदर लावून हसतात. म्हातारी चिक्कू आहे असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेन. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा, आणि माझे यजमान मलकापूरला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून होते. कारकुनाची बायको म्हणून माझं नाक जरा वरच असायचं. माझी थोरली बहीण नांदुऱ्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती. पहिलं नवव्या दिवशी, दुसरं विसाव्या. दोन्ही झोपेतच गेली. ताप नाही, खोकला नाही, जवळ जाऊन हात लावावा तर गार. तिसऱ्या खेपेला मुलगा झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी ठरवलं की याला असं काही न्यायचं जे त्या घराने कधी पाहिलं नसेल.

मलकापूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या मुसलमान व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी मलमलीचा तागा काढून माझ्यापुढे उलगडला. पांढरीशुभ्र, आणि खाली हात धरला तर तळव्याच्या रेषा दिसाव्यात इतकी तलम. किंमत ऐकून यजमान खाकरले, पण मी थोडीच ऐकते!

"लेकरासाठी नेऊन राह्यल्या का, बाई?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग घरी नेल्यावर पयले धुऊन काढा. खळ हाय इच्यात. कोरी नका देऊ."

"धुतली तर तिची चमक जाईन ना," मी म्हणाले.

 त्यांनी कापड मोजलं, कात्री हातात घेतली आणि पुन्हा विचारलं, "लेकरासाठीच ना?" अशी कोरी पांढरी मलमल लोक आणखी कशासाठी नेतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंही नाही.

सातव्या दिवशी मी बहिणीच्या दारात उतरले. चैत्राचं ऊन होतं. घरात बाळ झालंय असं काही वाटतच नव्हतं. पाळणा नाही, बायकांची वर्दळ नाही, मोठ्याने बोलणं नाही. बहिणीच्या सासूबाई बाळाला बाळ म्हणत नव्हत्या, पाहुणा म्हणत होत्या. "पाहुण्यानं दूध घेतलं काय?" असं दाराआडून विचारायच्या आणि उत्तर ऐकून निघून जायच्या. बहीण बाजेवर बसलेली. माझ्याशी बोलता बोलता दर थोड्या वेळाने तिची दोन बोटं बाळाच्या नाकाखाली जायची. श्वास लागला की बोटं परत मांडीवर. हे ती करतेय हे तिला ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे.

मी मोठ्या हौसेने मलमल उलगडली. कोणीच हात लावला नाही.

"कोरं हाय काय व हे?" सासूबाईंनी विचारलं. मी मान हलवली. कापडावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आमी तुयी वाट पाहून राह्यलो होतो. मावशीनंच मागून आना लागते."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. जिची लेकरं जगत नाहीत, तिच्या बाळाला कोरं कापड लावायचं नाही. मावशीने पाच घरी ओटी पसरायची, जुनेरं मागून आणायची, आणि बाळाला त्यातच गुंडाळायचं. न्यायला येणाऱ्याने पाहिलं तर त्याला वाटावं, हे लेकरू या घरचं नाही, मागून आणलेलं आहे, कोणाचं तरी फुटकळ. मला सगळं माहीत होतं. पण मी कारकुनाची बायको, परक्या गावात दारोदार चिंध्या मागत फिरू? मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही मी उद्यावरच ढकललं. आजही त्याची लाज वाटते. सात दिवस ते लेकरू माझ्या वाटेकडे डोळे लावून एका फाटक्या धोतराच्या तुकड्यात पडलं होतं, आणि वर आणखी दोन दिवस मी माझ्या तोऱ्यात घालवले.

नववा दिवस उजाडला. आज नववा आहे असं कोणी म्हटलं नाही, पण भावजी न जेवताच शेतात गेले आणि सासूबाईंनी सकाळपासून तीनदा उंबरा पुसला. दुपारी त्या भाकरी घेऊन शेताकडे गेल्या. घरात आम्ही दोघी बहिणी आणि बाळ. उकाडा असा की अंगणातलं वासरूसुद्धा आवाज करत नव्हतं. बाळ खाली गोधडीवर कुरकुरत होतं, माशा त्याच्या तोंडावर बसत होत्या.

"तू पड जराशी," मी बहिणीला म्हटलं. "मी हावो ना इथं."

आठ रात्री तिने पाठ टेकली नव्हती. ती आडवी झाली, डोळे मिटले. मी माशा वारून वारून कंटाळले. शेवटी पिशवीतली मलमल काढली, दुहेरी केली आणि बाळाच्या अंगावर टाकली, डोक्यापासून पायापर्यंत. ते लगेच शांत झालं. मला तर आनंदच झाला. म्हटलं, बघा, उगाच भिता! किती छान दिसतंय! आणि भिंतीला टेकले.

डोळा लागला असावा. जागी झाले तेव्हा बहीण बाजेवर उठून बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. ती बाळाकडे बघत होती, पण त्या बघण्यात घाई नव्हती.

"कवा?" तिने विचारलं.

"काय कवा?" मी म्हटलं, आणि मग मला समोर दिसलं. जमिनीवर कोरं पांढरं कापड, त्याखाली एवढासा आकार. तिची आधीची दोन्ही लेकरं अशाच कोऱ्या कापडात घरातून गेली होती. आणि कापड हलत नव्हतं. एवढी तलम मलमल, फुंकरीने उडावी अशी, पण नाकाच्या जागी जराही वरखाली होत नव्हती.

"पाह्य उचलून," बहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, चुलीवरचं दूध बघ म्हणावं तसा. "मी दोन डाव उचललं. आता तू उचल."

माझा हात उठेना. घरात आम्ही दोघीच होतो, तरी मला सारखं वाटत होतं की उंबऱ्यापाशी आणखी कोणी उभं आहे, आणि माझा हात कधी पुढे होतो याची वाट बघतंय. मी तिकडे मान वळवली नाही. मी भित्री नाही, पण त्या दिवशी उंबऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

कापडाचं टोक धरलं. बाळाच्या घामाने खळ भिजली होती आणि उकाड्यात पुन्हा वाळून कडक झाली होती. मलमल सुटी पडलीच नाही, सगळी एकसंध उठली. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं तिच्यात जसंच्या तसं उमटलेलं. माझ्या हातात एक चेहरा आला होता. तो तसाच धरून मी खाली पाहिलं.

बाळाचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होतं. घामाने निथळत होतं, पण रडत नव्हतं. मग एकदम त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की अंगणातलं वासरू हंबरलं.

मी मलमल कोपऱ्यात फेकली आणि तशीच अनवाणी बाहेर पडले. भर उन्हात पाच घरी ओटी पसरली. कोणी विटकं लुगडं दिलं, कोणी धोतराचा अर्धा तुकडा. एका पिंजाऱ्याच्या बायकोने आपल्या म्हातारीची ओढणी दिली, इतकी मऊ की हातात आहे की नाही कळू नये. सगळं आणून बाळाला गुंडाळलं. मलमलीचं सासूबाईंनी पुढे ताकाचं गाळणं केलं. एवढं महागाचं गाळणं अख्ख्या तालुक्यात नसेल.

मुलगा जगला. नववा गेला, विसावा गेला, पाळणा टांगला गेला. पुढे तो नांगर धरायला लागला, आणि त्याच सुमारास एका दुपारी मी आणि बहीण ओसरीत बसून तूर पाखडत होतो. कसलाही विषय निघालेला नसताना ती म्हणाली, "त्या दिवशी मी झोपली नोती व."

कोणत्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

"तू कापड टाकलं, तवा मी पाहून राह्यली होती. मले वाटलं, गेलं, म्हनून तू झाकून राह्यली. उठाव म्हटलं. मंग म्हटलं, आता काऊन उठाव? पडली तशीच." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता पाहा लागत नाई, बोटं लावा लागत नाई. लय बरं वाटलं व तेवढा वेळ. हे कोनालेच सांगतलं नाई मी."

 तेवढ्यात अंगणातून तिच्या मुलाने पाणी मागितलं, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती सूप तसंच टाकून तांब्या घेऊन धावली.