चौदा पायऱ्यांची अदलाबदल

कुणाच्याही घरात शिरले की काका आधी भिंतीला तळहात लावायचे. चहा नंतर, खुशाली नंतर. खिडकीखालची जागा चाचपायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, "कोरडी आहे. बसू या." ओली निघाली तर यजमानाला न विचारता पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर बाहेर यायचा. ऑकलंडच्या हिवाळ्यात तुम्ही राहिला असाल, तर इथल्या जुन्या घरांच्या भिंती कशा पाझरतात ते तुम्हाला सांगायला नको. सगळं स्वतः दुरुस्त करत सुटणारी माणसंही तुम्ही पाहिली असतील. आमचे काका त्यातले जरा जास्तच होते.

आमची ओळख काउंटरवरची. माउंट रॉस्किलच्या एका फार्मसीत मी काम करते. काका दूरच्या मनुरेवा उपनगरात सरकारी घरात एकटेच राहायचे, पण लेक रॉस्किलला, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आमच्याकडून न्यायचे. पिंपरीला कारखान्यात फिटर होते, इथेही निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. "आणखी काही दुखतंय का काका?" असं मी दर महिन्याला विचारायचे.

"छे! ठणठणीत!" हे ठरलेलं उत्तर.

आम्हीही सरकारी घरातच होतो, रॉस्किललाच, वरच्या मजल्यावर. माझा नवरा सुहास, त्याची कंपनी बंद पडली तेव्हा ते मिळालं आणि तेव्हा ते स्वर्गच वाटलं. मग सुहासला पक्षाघात झाला. चाकाची खुर्ची आली आणि आमच्या दारापासून जमिनीपर्यंत चौदा पायऱ्या आहेत, हे मला पहिल्यांदा मोजून कळलं. सात महिने तो फक्त दवाखान्यापुरता खाली उतरला, तोही दोघांनी उचलून. बाकी वेळ खिडकी. तळमजल्याच्या घरासाठी यादीत नाव होतं, पण यादी काही हलत नव्हती.

हे एकदा गोळ्या देताना मी काकांना बोलून गेले. ते लगेच म्हणाले, "माझं घर तळमजल्यावर आहे. डॉक्टरांनी माझं ड्रायव्हिंग बंद केलंय. तुमच्याकडे बसगाड्या हव्या तितक्या, लेक जवळ. घरं बदलू या की!"

"काका, चौदा पायऱ्या आहेत."

"फुकटचा व्यायाम!"

भाडेकरूंना आपसात अशी घरं बदलता येतात. अट एकच, घर जसं असेल तसं घ्यायचं. आधीच्याने काही बिघडवून ठेवलं असेल तर सहीनंतर ते नव्याच्या गळ्यात. म्हणून आधी तपासणी होते.

काकांच्या घरी सरकारी घरांच्या ऑफिसातली बाई आली. "किआ ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत सगळ्या खोल्या फिरली, बाथरूममध्ये डोकावली, "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम झकास, म्हणाली आणि तिने सहीसाठी पेन काढलं. मी मनातल्या मनात सुहासला मागच्या अंगणात नेऊन बसवलंसुद्धा.

तेवढ्यात काका म्हणाले, "वन मिनिट, मॅडम." बाथरूममध्ये हळूहळू खाली बसले, बेसिनखालच्या लिनोलियमचा कोपरा उचलला आणि खालच्या फळीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. फळी काळी पडून कुजली होती.

आठ वर्षं तिथे पाणी झिरपत होतं आणि आठ वर्षं काका ते आपल्या हाताने बंद करत होते. एकदाही फोन केला नव्हता. बाईने विचारलं तेव्हा त्यांनी तिला इंग्रजीत आणि मला मराठीत एकच उत्तर दिलं, "यांनी घर दिलं. वर आणि नळ गळतो म्हणून यांनाच त्रास द्यायचा?" आपल्या माणसांचा हा अस्सल दोष. उपकाराखाली इतके वाकतो की हक्काची दुरुस्ती मागायलाही लाजतो.

बाईने पेन बंद केलं. कळवलंच नाही तर नुकसान कुणाच्या माथी हे आधी ठरवावं लागेल, तोवर अदलाबदल थांबली, असं सांगून ती गेली.

मी काकांवर भडकले. आजही आठवलं की लाज वाटते. "काका, दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, सुहासची खुर्ची त्याच फळीवरून जाणार ना?"

मी तिथेच रडले.

पुढचे दोन महिने कठीण गेले. शेवटी प्लंबरने भिंत उघडली तेव्हा आतला पाइपच जुनाट होऊन सडलेला निघाला. तो काकांना म्हणाला, "तुमच्या ठिगळांमुळेच इतकी वर्षं टिकलं. पण पहिल्याच दिवशी फोन केला असता तर जमीनही वाचली असती." दुरुस्ती घरमालकाची, म्हणजे सरकारचीच ठरली. नवी जमीन झाली, सह्या झाल्या. ज्या दिवशी सुहास खुर्चीवरून थेट अंगणात गेला आणि काकांनी लावलेल्या फिजोआच्या झाडाखाली उन्हात बसला, त्या दिवसाचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

काही आठवड्यांनी मी काकांकडे डबा घेऊन गेले, तर ते जिन्यावरून अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरत होते. कठडा एकाच बाजूला होता. मी त्यांना न विचारता ऑफिसला फोन केला.

"आल्या आल्या तक्रार? लोक काय म्हणतील?"

"बाथरूमची जमीन विसरलात वाटतं?"

दुसऱ्या बाजूलाही कोऱ्या, पांढुरक्या लाकडाचा कठडा बसला. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "शोभेचा आहे. आमच्या फार्मसीतल्या पोरीची हौस. मी हातसुद्धा लावत नाही."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. घर रिकामं करायला त्यांच्या लेकीबरोबर मीही गेले. सुहास खाली गाडीत बसला होता. सामान निघाल्यावर मी खिडकीखालच्या भिंतीला तळहात लावला. कोरडी होती.

उतरताना त्याच हाताने मी नवा कठडा धरला. पहिल्या पायरीपासून चौदावीपर्यंत लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं. हाताला वास आला. गुडघ्यांना चोळायची तेलं मी इतकी विकली आहेत की तो वास मला चुकायचा नाही. आमच्या दुकानातून त्यांनी ते एकदाही नेलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर सुहासने विचारलं, "काय झालं?"

मी तळहात त्याच्या नाकापुढे केला.