पाचटाचे सहा लेखक

आजपर्यंत एकानेही माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही. घरात नाही, गावात नाही, नात्यात तर नाहीच. मी म्हणते, मी पोराचं भलं करायला गेले होते. ते म्हणतात, हो का. आणि ते 'हो का' असं काही म्हणतात ना, की उसाची मोळी बांधायच्या दोरीने त्यांची तोंडं शिवावीशी वाटतात. तुम्ही चहा घ्या, मी सांगते. नाही पटलं तर कप तिथेच ठेवून उठा.

माझा भाचा यशवंत. आमच्या प्लेन दे पपाय गावातला शेतकीचं शिकून सरकारी ऑफिसात लागलेला पहिला पोरगा. माझी शाळा चार यत्ता, त्याची किती ते मोजता मोजता मला झोप येते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नोकरी लागली होती, पण कच्ची. पक्की कधी होणार? तर परदेशातल्या शास्त्राच्या मासिकात त्याचा लेख छापून आला की. असं त्याच्या ग्रां मिस्येने, म्हणजे मोठ्या साहेबाने, खुर्चीत बसून सांगितलेलं. साहेब सगळं खुर्चीत बसूनच सांगायचा.

लेखासाठी प्रयोग हवा, प्रयोगासाठी जमीन हवी. जमीन कोणाची? आत्याची. माझ्या तुकड्यात उसाच्या ओळींमधून घेवड्याच्या आठ ओळी लावल्या. चार ओळींत पाचट पसरायचं, म्हणजे ऊस तोडल्यावर राहतो तो सुका पाला. चार ओळी उघड्या सोडायच्या. कुठला घेवडा जास्त येतो ते बघायचं. झालं शास्त्र. मला म्हणाला, "आत्या, आता कशाला हात लावू नकोस. जे पाणी पडेल ते आभाळातून."

हंगामभर आम्ही शेंगा तोडल्या. मी तराजू धरायची, तो वहीत लिहायचा. शेवटी काय निघालं? दोन्हीकडे सारखाच घेवडा. यशवंत चक्रावला. सगळं जग सांगतं, पाचट ओल धरून ठेवतं, आणि इथे काडीचा फरक नाही. साहेब मात्र खूश. नवा शोध! एवढ्याशा बेटावरून जगाला खोटं पाडायचं म्हणजे गंमत आहे का?

यशवंतने लेख लिहिला, तेर रूज गावातल्या मिस्ये रोलांकडे टाइपाला दिला आणि ऑफिसच्या कामाला तीन आठवडे रॉड्रिग्स बेटावर गेला. जाताना मला बजावून गेला, की टाइप झालं की पाकिटात घाल आणि पोस्टात टाक. दुसरं काही करू नकोस. तो मला ओळखत होता, तरी गेला. म्हणजे चूक कोणाची?

मी तेर रूजला गेले. पहिलं पान हातात घेतलं. वर साहेबाचं नाव. खाली यशवंतचं. संपलं.

आणि बाप? मामा? ज्याने तो तुकडा दगड वेचून वेचून मोकळा केला, तो आजोबा?

आता तुम्हीच सांगा. आपल्यात साधी लग्नपत्रिका छापायची तरी वर देव, मग कैलासवासी आजोबा, मग बाप, मग मामा. तिकडे बों अक्योयला एका पत्रिकेत मामाचं नाव राहिलं, तर त्या माणसाने अकरा वर्षं त्या घरचं पाणी प्यायलं नाही. आणि हा लेख तर सातासमुद्रापार जायचा. तिथले लोक काय म्हणतील, पोरगा अनाथ आहे?

मिस्ये रोलां उभा जन्म लग्नपत्रिकाच करत आलेला. त्याला मी नावं सांगितली. सगळ्यात वर आजोबा, कैलासवासी लावून. मग यशवंतचा बाप, म्हणजे आमचा दादा. मग नाना मामा. मग साहेब, मग यशवंत. आणि सगळ्यात शेवटी, विनयाने, मी.

"मादाम, हे शास्त्राचं काम आहे," तो म्हणाला.

"मग शास्त्राला बाप नसतो?"

त्याने पान पुन्हा टाइप केलं. मी पोस्टात टाकलं. यशवंत परत आल्यावर मी अक्षर काढलं नाही, म्हटलं छापून आल्यावर बघेल. पण दादाने बुतिकमध्ये, म्हणजे दुकानात, यशवंत सोडून सगळ्यांना सांगून टाकलं, की आपण आता लेखक झालो. नाना मामाने तर फ्रेम आणून ठेवली.

दोन-तीन महिन्यांनी मासिकाचं पत्र आलं. यशवंत माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होता. वाचता वाचता खाली बसला. संपादकाने फार गोड लिहिलं होतं. लेख आवडला, छापू. मात्र सहाही लेखकांनी एकेका कागदावर सही करून कळवावं, की मी यात अमुक काम केलं, पूर्ण लेख वाचला आणि त्यातल्या शब्दाशब्दाला मी जबाबदार आहे. आणि पहिले लेखक वारलेले दिसतात, तर त्यांनी शेवटचा मसुदा कधी पाहिला, हेही कृपया सांगावं.

"आत्या," यशवंत म्हणाला, "ही पत्रिका नाही गं. इथे नाव म्हणजे हे मी केलं, आणि चुकलं तर मला धरा."

"मग तुझ्या ग्रां मिस्येने काय केलं?"

त्याने पत्राची घडी घातली.

"शेतात आला होता?"

"एकदा. गाडीतून उतरला नाही. चिखल होता."

"मग त्याचं नाव तुझ्या वर कसं?"

"तशी पद्धत आहे, आत्या."

"बघ. तुमचीही पत्रिकाच आहे."

पण सह्या तर हव्या होत्या. मग काय मजा सांगू! मान होता तोवर सगळे लेखक. जबाबदारी म्हटल्याबरोबर दादाला आठवलं, की आपल्याला वाचताच येत नाही. नाना मामाचा रक्तदाब वाढला. साहेबाने चिठ्ठी पाठवली, की कामाच्या व्यापामुळे आपण नम्रपणे बाजूला होत आहोत. एकटे आजोबा तेवढे शब्दाचे पक्के निघाले. सही केली नाही, पण पळूनही गेले नाहीत.

उरलो आम्ही दोघं. यशवंत म्हणाला, तुझंही नाव काढतो. मी म्हटलं, मी पळणाऱ्यातली नाही. मी काय काय केलं ते लिही, खाली सही करते. त्याने पेन घेतलं. मी सांगू लागले. पाचट वाहून आणलं. पसरलं. शेंगा तोडल्या. तराजू धरला. उघड्या ओळींना पाणी घातलं.

पेन थांबलं.

"कुठल्या ओळींना?"

"त्या चार नागड्या. रस्त्याच्या कडेला होत्या ना. येणारी-जाणारी म्हणायची, भाचा शिकला आणि आत्याचं शेत वाळवलं. मला लाज वाटायची. मग तू ऑफिसला गेलास की चार बादल्या घालायची."

"रोज?"

"रविवारी तू घरी असायचास. रविवारी नाही."

बोंज्ये, देवा रे, ते त्याचं तोंड! तो म्हणाला, "आत्या, जगाला खोटं पाडणारा आपला शोध म्हणजे तुझ्या बादल्या."

नोकरी त्या कागदावर टांगलेली. मी म्हटलं, ती एक ओळ गाळ, कोणाला कळणार आहे? मी चितेवर जाईपर्यंत बोलणार नाही. पण पोरगा आमच्यातलाच, हट्टी. म्हणाला, "माझं नाव आहे वर. आता मला कळलंय, तेवढं पुरे." त्याने लेख परत मागवला आणि साहेबाला जाऊन स्वतः सांगितलं. नोकरी आणखी एक वर्ष कच्ची. साहेब आता सगळीकडे सांगू लागला, की मला पहिल्यापासून शंका होतीच.

पुढच्या हंगामात माझ्याच जमिनीला यशवंतने कुंपण घातलं. कोणासाठी? माझ्यासाठी. उघड्या ओळी करपल्या, लोक बोलले, मी दारात बसून पदर चावला. पाचट जिंकलं, जसं जगात सगळीकडे जिंकतं. शोध नाही, बोध नाही. पण लेख छापून आला, नोकरी पक्की झाली, आणि वर नाव एकच, यशवंतचं.

मासिक घेऊन तो माझ्याकडे आला. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्याने मला वाचून दाखवली. पहिल्या हंगामाचे सगळे आकडे रद्द केले आहेत, कारण उघड्या ओळींना शेताच्या मालकिणीने पाणी घातलं होतं.

मी म्हटलं, बरं झालं बाबा, नुसतं मालकीण लिहिलंस.

"शास्त्रात मोघम चालत नाही, आत्या," तो म्हणाला, आणि पुढच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. इंग्रजी मला येत नाही. पण चार यत्तांत आपलं नाव तेवढं वाचायला शिकवलेलं होतं: सुभद्रा लिंबाजी.