सरलाजींचे यजमान

श्यामकांत साळव्यांना बायकोचा हेवा वाटायचा. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. वाटायचा, आणि चांगला सणसणीत वाटायचा. माणूस वाईट नव्हता हो. नगरकडच्या चर्चच्या पाळकाचा मुलगा, चंदीगडच्या एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायचा. पण बापाचा उपदेशाचा वारसा गेला कुणाकडे? तर सुनेकडे.

सरलाबाई ना पाळक, ना डॉक्टर. पासष्ट साली लग्न होऊन इथे आल्या आणि तेव्हापासून इंडस्ट्रियल एरियातल्या कामगार बायकांना संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. वर्ग सुटला की एखादी तरी बाई मागे रेंगाळायची आणि त्यांच्यापाशी मन मोकळं करायची. पुढे पंजाब पेटला, इथल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना दर रविवारी येणं जमेना, तेव्हा रविवारची उपासनाही बाईच चालवू लागल्या. श्यामकांतरावांना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी आपल्या सतरंज्या अंथरायच्या. ‘सरलाजी के हसबंड’ एवढीच काय ती ओळख. साऱ्या गावाचं ऐकून बाई घरी यायच्या त्या दमून; नवऱ्याचं ऐकायला त्राण उरायचं नाही. आतल्या आत जळायचे बिचारे.

सत्त्याऐंशी सालच्या एका रविवारी सरलाबाई सकाळीच मोहालीला कुणाच्या आजारपणात प्रार्थनेला गेल्या, आणि तिथे कर्फ्यू लागला. त्या अडकल्या. इकडे श्यामकांतरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वीस वर्षं मनात घोळवलेला उपदेश होता. कोट चढवून उभे राहिले. समोर मोजून अकरा माणसं. पहिल्याच वाक्याला जसबीर उठली. ही बाईंच्या वर्गातली. आठवड्यापूर्वी तिच्या नवऱ्याला जवळच्या खरड गावाहून कुणीतरी गाडीत घालून नेलं होतं, तो परतला नव्हता.

“दीदी नहीं आईं?” तिने विचारलं.

“नहीं. मैं हूँ.”

खरं तर त्यांना रागच आला होता. इथेही मेलं तिचंच नाव! पण जसबीर मटकन खाली बसली आणि बोलू लागली. नवऱ्याचा डबा रोज सकाळी भरते, म्हणाली, आणि संध्याकाळी तोच स्वतः खाते. उपदेश राहिला बाजूला. श्यामकांतराव तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. आणि त्यांनाच रडू फुटलं. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते.

संध्याकाळी कर्फ्यू उठला. दुसऱ्या दिवशी सरलाबाई वर्गावरून परतल्या त्या जसबीरचा निरोप घेऊनच: भाईसाहब पुन्हा कधी येतील? हेच ऐकायला तर श्यामकांतरावांनी इतकी वर्षं जीव टाकला होता. चहा ओतता ओतता बाईंनी जसबीरचं सगळं बोलणं सांगितलं, एक शब्द न गाळता. श्यामकांतरावांची कळी खुलली.

बाई मात्र कप हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते श्यामकांतरावांनी लगेच ओळखलं. हेवाच होता तो.

“आपलं बाळ गेलं तेव्हा,” त्या म्हणाल्या, “माझ्याजवळ नाही हो बसलात असे.”