गावातलं पहिलं मूल

वैजयंताकाकू जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेवीस वर्षं राहतायत. पण त्यांना एक मुलगा होता हे मला या जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्हाला माहीत ती मुलगी मानसी, आणि नवरा खंडूकाका. काका बहात्तर वर्षांचे, विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

डिसेंबरात काकूंना गुजरातमधून फोन आला, नवाकुवा नावाच्या छोट्या गावातून. पन्नास वर्षांपूर्वी तिथे पहिल्या विहिरीला तेल लागलं आणि मजुरांच्या तंबूंचं हळूहळू गाव झालं. फोनवरचे रसिकभाई गावाच्या वर्धापनदिनाच्या समितीचे. जुन्या दवाखान्याच्या वहीत त्यांना नोंद सापडली होती. गावात जन्मलेलं पहिलं मूल, संघर्ष, वडील खंडू, मार्च १९७८. तिथल्याच परभणीच्या पत्त्यावरून विचारत विचारत त्यांनी काकूंचा नंबर मिळवला होता.

"आपके बेटे का सत्कार करना है, बेन. आजकल कहाँ होते हैं?"

"वो नहीं रहा," काकू म्हणाल्या. "साडेचार साल का था. वहीं गया."

रसिकभाई म्हणाले, "अच्छा... मैं कमिटी में बात करता हूँ."

खंडूकाका परभणीकडचे. ठेकेदाराबरोबर खोदकामाला नवाकुव्यात गेले. काकू अठराव्या वर्षी लग्न होऊन थेट तंबूतच उतरल्या. पुढच्या वर्षी मुलगा झाला. नामांतराच्या लढ्याचे दिवस होते, म्हणून काकांनी नाव ठेवलं संघर्ष, आणि सगळ्या तंबूंत गूळ वाटला. तीन महिन्यांनी शेजारच्या शैलाला मुलगी झाली, नीलम. सुईण वेळेवर पोचली नाही, बाळंतपण काकूंनीच केलं.

विहीर खोदताना आतून पातळ चिखल बाहेर येतो. तो साठवायला बाजूला खड्डा काढतात. दोन दिवसांत वर साय धरते आणि उन्हात ती जमिनीसारखी दिसते. चौथ्या विहिरीचा खड्डा खंडूकाकांच्या टोळीने काढला होता. कुंपण पुढच्या आठवड्यात येणार होतं. संघर्ष शेरडामागे पळत गेला. शेरडू काठावरून वळलं, पोरगं सरळ गेलं.

काकांनीच त्याला वर काढलं. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चिखल. काकू म्हणाल्या, "मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं हाय."

वर्षाच्या आत त्यांनी गाव सोडलं. भाईंदरला काकांना वॉचमनची नोकरी लागली, पुढे मानसी झाली. पण मुलाचं नाव काकांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

आठवड्याने रसिकभाईंचा दुसरा फोन आला. खुशीचा प्रसंग आहे, दुःखाची गोष्ट स्टेजवर नको, असं समितीचं म्हणणं पडलं. पहिलं मूल म्हणून आता नीलमचा सत्कार होणार होता.

"सिर्फ नाम ले लेना," काकू म्हणाल्या. "एक बार माइक पे. और कुछ नहीं."

"देखते हैं, बेन."

काकांनी यायला नकार दिला. काकू मानसीला घेऊन गेल्या. जिथे तंबू होते तिथे आता मार्केट आहे. चौथी विहीर कुठे होती हे कुणालाच सांगता येईना. एका पानवाल्याने बागेकडे बोट केलं, दुसऱ्याने बसस्टँडकडे. काकू दोन्हीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मानसीने विचारलं, "आई, इथेच का?" काकूंना काहीच ओळखीचं दिसेना.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. नीलमला शाल दिली, टाळ्या झाल्या. संघर्षचं नाव कुणी घेतलं नाही. कार्यक्रम संपल्यावर नीलम स्वतःच काकूंना शोधत आली आणि पाया पडली. शैला मागच्या वर्षी गेली होती.

"मावशी, आई सांगायची, तुम्हीच मला या जगात आणलंत." ती रडत होती, हसतही होती. मग हळूच म्हणाली, "कुणीतरी म्हणत होतं, माझ्या आधी इथे एक मुलगा झाला होता. खरंय का? आई कधी बोलली नाही."

तिच्या खांद्यावरची शाल घसरत होती. काकूंनी ती सारखी केली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तूच पहिली."

मानसी आईकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानसी स्टेशनवरूनच आपल्या घरी गेली, काकू एकट्या घरी पोचल्या. खंडूकाकांनी दार उघडलं आणि पिशवी हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "संघर्षचं नाव घेतलं का कुणी?"

त्रेचाळीस वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं होतं.

"नाही."

"तू?"

"मी पण नाही. विचारलं होतं मला. मी नाही म्हणून सांगितलं."

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "सहा फूट काढायला सांगितलेला. मी आठ काढला. जमीन मऊ होती, मुकादम शाबास म्हणायचा."

सहा फुटांतही तो वाचला नसता, एवढंच काकूंना म्हणायचं होतं. साडेतीन फुटांचं पोरगं ते. पण, त्या मला म्हणाल्या, ते वाक्य तोंडातून निघेचना, कारण इतकी वर्षं आपला नवरा मनात कसली मोजणी करत बसला होता ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काकूंनी दोघांची ताटं वाढली. काका जेवले नाहीत. थोड्या वेळाने काकूंनी दोन्ही ताटं झाकून ठेवली.