तृप्तीच्या गाडीची क्लच प्लेट

तृप्ती गजभिये आमच्या तुमसरच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. मी तिथेच सिस्टर आहे. एकोणीस वर्षं एका इमारतीत काढली आम्ही, त्यामुळे तिचा राग कुठल्या पायरीवर आहे हे मला तिच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. २०१५ च्या जानेवारीत तो सगळ्यात वरच्या पायरीवर होता आणि महिनाभर खाली उतरलाच नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं गाडी घेतली. तीही कशी, तर लाल, बुटकी, कापडी छताची, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. तृप्ती ट्रेनिंगला गेली होती, तिनं ताडपत्री उचलून पाहिली आणि झालं. घरी आणल्यावर तिच्या सासूबाई मंगलाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"अन् आमी कोठी बसावं वो? टपावर? टप तं कापडाचा हाये!"

"आई, मी आजपर्यंत सगळ्यायले बसवूनच नेलं," तृप्ती म्हणाली. "एक गाडी माझी असू द्या."

तिचा नवरा संघपाल शाळेत मराठी शिकवतो. शांत माणूस. त्याला चारचाकी चालवता येत नाही आणि येत नाही याचं दुःखही नाही. तो म्हणाला, "रंग चांगला हाये."

क्लच गेला तेव्हा दुसऱ्या सीटवर मीच होते. रविवारी आम्ही चिखल्याला निघालो होतो. तृप्तीचं माहेर तिथलं. वडील बाबुलाल तिथल्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. चिखल्याच्या अलीकडे रस्ता चढाला लागतो, तिथे गाडी कुंथायला लागली. तृप्तीनं अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, वेग मात्र वाढायचा नाही. मग जळका वास आला आणि गाडी चढावर मधोमध थांबली. मागे खाणीकडे निघालेले तीन रिकामे ट्रक. हॉर्नवर हॉर्न.

पहिला ड्रायव्हर उतरून म्हणाला, "मॅडम, पयल्या गिअरमंधी टाका." गाडी पहिल्या गिअरमध्येच होती. दुसरा म्हणाला, "पेट्रोल पाह्यलं का?" तिसऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "साहेब कोठी हायेत?"

"साहेब घरी पेपर तपासून राहिले," तृप्ती म्हणाली. "क्लच गेला. दोर हाये का तुमच्यापाशी?"

दोर होता. खाणीकडून खाली उतरणारा एक ट्रक मिळाला आणि त्याच्यामागे बांधून आम्ही धूळ खात तुमसरला परत आलो.

लिलाधर मिस्त्रीचं गॅरेज राईस मिलच्या भिंतीला लागून आहे. मिलचे ट्रक आणि जीपा दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. हात चांगला, हे सगळं गाव सांगेल. एकच खोड होती, ती मला त्या महिन्यात कळली. बाईनं प्रश्न विचारला, तर तो उत्तर तिच्या नवऱ्याला द्यायचा.

"क्लच किती दिवस चालतो, लिलाधरभाऊ?" तृप्तीनं विचारलं.

"सर, ते चालवणाऱ्यावर हाये," लिलाधर शेजारी उभ्या असलेल्या संघपालला म्हणाला. संघपालनं मान डोलावली. त्याला काय कळणार होतं!

गिअरबॉक्स उतरवल्यावर रोग दिसला. क्लच प्लेट म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी लोखंडी चकती. तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग असतं, ते इंजिनाला धरून ठेवतं, म्हणून चाकं फिरतात. हिच्या प्लेटचं लायनिंग पार झिजून रिवेट वर आले होते. नवी प्लेट मागवली. आठ दिवसांनी आली, आकार बरोबर, पण मधल्या भोकाचे दाते जुळेनात. परत पाठवली. दुसरी आली. तिचे दाते जुळले, पण ती बोटभर लहान.

"त्या पयल्या प्लेटचेच दाते कानशीनं घासून बसवले असते, सर," लिलाधर म्हणाला. "कायले परत पाठवली?"

"घासायचं नाई," तृप्ती म्हणाली.

"नाई तं मंग विकून टाका, सर. अशा गाडीचं इकडे काही खरं नाई."

हे 'विकून टाका' तिला रोज कोणीतरी सांगायचं. दवाखान्याचा शिपाई सांगायचा. गोळ्या न्यायला आलेले म्हातारे सांगायचे. चिखल्याहून बाबुलालांचा फोन यायचा, तब्येत विचारायच्या आधी विकलीस का म्हणून विचारायचे. एकदा तर तिनं एका माणसाच्या हातात खोकल्याची बाटली इतक्या जोरात ठेवली की मी आतून धावत आले.

शेवटी सुट्टी टाकून तिनं जुनी प्लेट पिशवीत घातली आणि एसटीनं नागपूर गाठलं. तिथे जुन्या प्लेटला नवं लायनिंग मारून देणारे कारागीर आहेत, हे तिनंच चार ठिकाणी फोन करून शोधलं होतं. संध्याकाळी परतली ती नवं लायनिंग मारलेली प्लेट आणि नंबर जुळवून घेतलेलं क्लचचं बेअरिंग घेऊन. बसस्टँडवरून थेट गॅरेजमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिलाधर प्लेट बसवत होता. तृप्ती जेवणाच्या सुट्टीत तिथे गेली, सोबत मीही. गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं वाचण्यात तिचा जन्म गेला आहे. तिनं प्लेट हातात घेतली आणि मधल्या भागाजवळ खोदलेली अक्षरं वाचली.

"लिलाधरभाऊ, इथं लिहून हाये, ही बाजू फ्लायव्हीलकडे. म्हणजे इंजिनाकडे."

लिलाधरनं तिच्या हातून प्लेट घेतली. "मॅडम, तुम्ही औषधाच्या बाटल्या वाचा. आमाले प्लेटा नोका शिकवू."

त्या महिन्यात पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलला, आणि बोलला तो असा. आमची सुट्टी संपली होती. ती दात आवळून परत फिरली.

गाडी जोडून झाली. तृप्तीनं इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर टाकायला गेली तर नुसता करकराट. गिअर पडेचना. इंजिन बंद केलं की मुकाट्यानं पडायचा. लिलाधरनं क्लचची केबल घट्ट केली. मग सैल केली. मग केबलच बदलली. यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो संघपालला म्हणाला, "सर, लेडीजचा पाय हलका पडते. पेडल पूर्ण दबून नाई राहिलं."

संघपालनं कधी नव्हे ते तोंड उघडलं. "मी दाबून पाहू का?"

तो आत बसला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सगळा भार देऊन पेडल दाबलं. लिलाधरनं खिडकीतून हात घालून गिअर टाकायचा प्रयत्न केला. करकराट तोच.

"सरांचाही पाय हलका हाये का?" तृप्तीनं विचारलं.

लिलाधर म्हणाला, आता गिअरबॉक्सच खराब झाला असंल.

"उतरवा."

"अवो मॅडम, पुन्हा सगळं खोलावं लागंल..."

"मी सुट्टी काढून आली. उतरवा."

तिनं गॅरेजमधलं लोखंडी स्टूल ओढलं आणि गाडीसमोर बसली. मिलची भुशी उडून तिच्या साडीवर, केसांवर बसत होती, तिनं ती झटकलीही नाही. साडेतीनला ड्यूटी बदलून मी तिकडे गेले, तेव्हा गिअरबॉक्स नुकताच खाली आला होता. लिलाधरनं प्लेट बाहेर काढली. जो भाग गिअरबॉक्सकडे असायला हवा, तो इंजिनाकडे होता आणि तिथल्या बोल्टांवर घासून त्याच्यावर चकचकीत गोल ओरखडे उठले होते.

लिलाधरनं प्लेट उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "उलटी बसली होती."

"बसली नाई, लिलाधरभाऊ," तृप्ती म्हणाली. "बसवली."

मला वाटलं, आता ही महिन्याचं सगळं बाहेर काढणार. तिचं तोंडही उघडलं होतं. पण समोर तो पन्नाशीचा माणूस तेलकट चिंधीनं त्या ओरखड्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता, आणि कान लाल झाले होते त्याचे. तिनं तोंड मिटलं. मग विचारलं, "वाया गेली का?"

"नाई. वरवर घासली. लायनिंग चांगलं हाये." त्यानं टॉर्च उचलून तिच्यापुढे धरला. "धरा. अन् कोणती बाजू कोणीकडे, ते वाचून सांगा."

तिनं वाचून सांगितलं. त्यानं बसवली. बोल्ट आवळायच्या आधी त्यानं पुन्हा विचारलं, "पाहा, बरोबर हाये ना, मॅडम?" आणि तिनंही वाकून, टॉर्च आत घालून, पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गाडी सुरू झाली. गिअर पडला, आवाज न करता. लिलाधर खूश होऊन बाहेर आला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या संघपालला म्हणाला, "सर, जमवली पाहा तुमची गाडी!"

तृप्तीनं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला, असं संघपालनं मला नंतर सांगितलं. तो लिलाधरला म्हणाला, "माझी नाई जी. मॅडमची हाये."

दुपारी छत उघडून ती दवाखान्याच्या फाटकात येऊन थांबली. नखांत ग्रीस, केसांत कालची भुशी. बाहेरचे पेशंट उठून बघायला लागले. मला म्हणाली, "चल, बस. चिखल्याचा चढ पाहून येऊ."

"मले चारची इंजेक्शनं द्याची हायेत," मी म्हणाले.

"एक दिवस कोणाले सांगता नाई येत?"

"नाई येत."

ती चिडली. हातानं 'जा' केलं, गिअर टाकला आणि एकटीच गेली. मी वॉर्डात परतले. तासाभरानं तिचा फोन आला. दुसऱ्या गिअरमध्ये चढली, म्हणाली, आणि ठेवून दिला.